किती उरला, अक्का?

आमच्या वरच्या खोलीत मेस्त्री अठरा वर्षं राहिला. त्या अठरा वर्षांत त्यानं माझ्या बायकोच्या हातच्या जेवणाला एकदाही चांगलं म्हटलं नाही. "सरी" म्हणायचा. कन्नडातलं सरी, म्हणजे ठीक, बरोबर. भात सरी, सार सरी, पुरणपोळीसुद्धा सरी. पहिल्या वर्षी ती चिडायची. "अहो, मी काय गणित घातलंय का बरोबर-चूक सांगायला?" मग तिला कळलं की या माणसाकडे याच्या वरचा शब्दच नाही. फौंड्रीत नवी भट्टी आली आणि आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत राहिलो, तेव्हाही हा तिच्याभोवती एक फेरी मारून "सरी" म्हणाला आणि आपल्या टेबलाकडे गेला.

पीण्यात, शहराच्या कारखान्यांच्या भागात, आमची फौंड्री होती. मी मोल्डर. लोखंडाची वस्तू ओतायची तर ती आधी लाकडाची करतात, तिला पॅटर्न म्हणतात. तो पॅटर्न मी वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, आणि मग त्या पोकळीत लोखंड ओतायचं. पॅटर्न करायचा मेस्त्री. म्हणजे त्याचं काम डोक्याचं आणि माझं दंडाचं. हे त्यानंच मला पहिल्या दिवशी तोंडावर सांगितलं. "तुझा हात वाळूचा आहे. लाकडाला लावू नको." मी पाचवी शिकलेला, तो सातवी. दोन यत्तांचा एवढा माज मी कुठं बघितला नाही.

नाव होतं त्याला. हजेरीच्या कागदावर असेल. आम्ही कुणी घेतलं नाही. तोही आमच्यासारखाच इथला जुना, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. पण लग्न केलं नाही, त्यामुळे घरच नव्हतं. मराठी बोलायला म्हणून तो आपल्याकडे राहायला आला, असं माझी बायको म्हणायची. मी म्हणायचो, येऊन बोलतो कुठं?

आता त्याच्या पट्टीचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलंय. ओतलेलं लोखंड निवलं की आक्रसतं. मीटरला दहा मिलिमीटर. म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो. हिशेब करत बसायला नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा मीटर आपल्या मीटरपेक्षा दहा मिलिमीटर मोठा. मेस्त्रीकडे दुसरी पट्टी नव्हतीच. फौंड्री बंद झाली, भट्टी भंगारात गेली, तरी हा घरात सगळं त्याच पट्टीनं मोजायचा. आमच्या स्वयंपाकघरात त्यानं फळ्यांची मांडणी केली, ती कोपऱ्यात बसेना. न्हाणीघराचं दार केलं, ते पावसाळा नसताना अडकायचं. स्वतःची उंची त्या पट्टीवर मोजली तर कमी भरायची, आणि तो सगळ्या अर्जांवर तीच लिहायचा.

मी एकदा म्हणालो, "मेस्त्री, आपल्या घरात काय ओतायचंय? साधी पट्टी घ्या की."

तो म्हणाला, "निवल्यावर कळेल."

असं बोलायचा. त्याला काही अर्थ असेल असं समजून मी पुष्कळ वर्षं डोकं फोडलं. नव्हता.

कान पेन्सिलीचा, उजवा. आंघोळीलाही पेन्सिल तिथंच. डोसा ताटात पडला की फिरवून बघायचा, कुठल्या बाजूला जास्त आहे ते. लग्नाला कधी गेला नाही, म्हणायचा तिथं गर्दीत उभं राहायला मोजून जागा मिळत नाही. वाढदिवस, बारसं, काही नाही. गल्लीतली पोरं त्याला घाबरायची आणि कुत्री त्याच्या मागं फिरायची.

तर तो आल्यानंतरची पहिली दिवाळी. मी बाजारातून कागदी कंदील आणून दाराला टांगला. मेस्त्री जिन्यावर उभा राहून बघत होता.

"कललाय," म्हणाला.

"वाऱ्यानं."

"वाऱ्यानं नाही. करतानाच कललाय."

पुढच्या वर्षी दसरा झाला आणि त्यानं फौंड्रीतून आणलेल्या जुन्या सागवानी पॅटर्नची एक फळी रंधली. पॅटर्नला लावतात तो लाल रंग उरला होता, तो दिला. कागदावर पणती काढली, वर ज्योत. कागद फळीवर चिकटवला आणि रेघेवर बारीक खिळे ठोकत गेला. पकडीत खिळा धरायचा, दोन टोले, मग लाकडाचा एक तुकडा शेजारी उभा करून बघायचा, सगळे एका उंचीचे आहेत ना. आठ दिवस टकटक. कागद फाडून काढला तेव्हा नुसते खिळे राहिले, कणसाच्या दाण्यांसारखे. मी म्हटलं, ही काय दिवाळी? खिळ्यांची?

त्यानं फळी माझ्या बायकोपुढं ठेवली. "अक्का, दोरा तुम्ही घाला."

तिला वाती वळायचा हात होता. रिकाम्या बॉलपेनच्या नळीतून तिनं दोरा ओवला आणि त्या नळीनं या खिळ्यावरून त्या खिळ्यावर, त्यावरून पुढच्यावर, असा घालत गेली. मेस्त्रीचा कायदा एकच. अख्ख्या चित्राला एकच दोरा. पहिल्या खिळ्याला एक गाठ, शेवटच्या खिळ्याला एक गाठ, मध्ये गाठ नाही. मध्ये गाठ आली तर फळी टाकून द्यायची. दोन दिवसांत पणती भरली. पिवळा दोरा, लाल फळी. खरं सांगतो, मला दाखवायचं नव्हतं पण मी तिथंच उभा राहिलो.

दाराच्या वर भिंतीत एक खोबण आहे, पूर्वी तिथं गणपतीची तसबीर होती. फळी तिथं बसवायची होती. अर्थात बसली नाही. सहा मिलिमीटर मोठी. माझी बायको हसत हसत उंबऱ्यावर बसली, डोळे पुसायला लागली. "मेस्त्री-अण्णा, ही निवल्यावर बसणार का हो?"

मेस्त्रीनं तिच्याकडं बघितलं आणि तोही हसला. मी त्याला हसताना तेवढंच बघितलं. फौंड्रीतल्या कुणाला सांगितलं असतं तर खोटं म्हणाले असते.

त्या दिवशी दोघांचा करार झाला. पुढच्या वर्षापासून फळी आमच्या घरच्या टेपनं, दोरा मात्र त्याच्या पट्टीनं. चित्राला किती दोरा लागेल ते तो आधी कागदावर काढायचा, मग आपल्या पट्टीनं मोजून एकच तुकडा कापून द्यायचा. फळी बरोबर मापाची आणि दोरा मोठ्या पट्टीचा, म्हणून दरवर्षी शेवटी थोडा उरायचा. ती शेवटची गाठ मारायची आणि मेस्त्री जिन्यावरून विचारायचा,

"किती उरला, अक्का?"

"वीतभर." किंवा, "वीत आणि चार बोटं."

"सरी."

झालं. खाली येऊन दोऱ्यांवर नख मारून बघायचा, टंग वाजलं पाहिजे. वाजायचं. मग फळी खोबणीत. आमची दिवाळी तिथून सुरू व्हायची. एक वर्ष पणती, एक वर्ष चांदणी, एकदा कोयरी, एकदा मोर केला होता त्याची मान तिला आवडली नाही. उरलेला तुकडा ती कापायची आणि कॉफीपुडीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. का, ते मी विचारलं नाही. बायका ठेवतात.

मी त्यात कुठं नव्हतो. दोन-तीनदा म्हणालो, मी घालतो थोडा. मेस्त्री लगेच, "तुझा हात वाळूचा. दोरा तुटेल." ती पण हसायची. मग मी बाहेर खुर्ची टाकून बसायचो आणि आत दोघं तासन् तास न बोलता काम करायची. न बोलता. मला एकेकदा वाटायचं की माझ्याशी ती इतकी गप्प कधी बसली नाही. वाईट अर्थानं नाही लिहीत. मला हेवा वाटायचा, तो लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मेस्त्रीला काचबिंदू झाला. आधी बाजूचं दिसेना, मग समोरचं. जिन्यावरून दोनदा पडला. त्याची एक भाची आहे व्हाइटफील्डला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, चांगली मुलगी, ती येऊन घेऊन गेली. त्याचं सामान एका रिक्षात मावलं. जाताना त्यानं पुढच्या दिवाळीची फळी बायकोच्या हातात दिली. खिळे बोटांनी चाचपून ठोकलेले, दोन महिने लागले होते. सोबत मोजून कापलेल्या हिरव्या दोऱ्याचं भेंडोळं. पुन्हा पणतीच होती.

ती दिवाळी झाली नाही. बायको आजारी पडली. आजार काय ते लिहीत नाही, लिहून कमी होत नाही. दवाखाना, घर, दवाखाना. त्यात एकदा बरं वाटलं तेव्हा फळी मांडीवर घेऊन तिनं दोरा घालायला घेतला. रोज थोडा. खालची पणती पूर्ण भरली, अशी घट्ट की बोट आत जाईना. ज्योत राहिली. एक दिवस नळी खाली ठेवली आणि म्हणाली, "उद्या." दोरा जिथवर आला होता त्या खिळ्याला अडकवून ठेवला होता, सुटू नये म्हणून. श्रावणात ती गेली. आम्हाला मूलबाळ नाही. गल्लीतल्या लोकांनी सगळं केलं.

मेस्त्री आला तो दोन तास उशिरा. व्हाइटफील्डहून आमच्या दासरहळ्ळीपर्यंत गाडी सगळीकडं अडकली. तोवर तिला नेऊन आम्ही परतही आलो होतो. भाचीनं हात धरून त्याला अंगणात आणलं. त्यानं दाराच्या चौकटीवर हात ठेवला, वर खोबणीपर्यंत नेला. रिकामी होती.

"ती फळी कुठाय?"

मला असा राग आला. "मेस्त्री, माणूस गेलंय घरातलं. आज फळी विचारता?"

"अर्धी ठेवू नको," म्हणाला, आणि परत गाडीत जाऊन बसला. चहासुद्धा घेतला नाही.

मी मनात शिव्या दिल्या. पंधरा दिवस दिल्या. मग एकदा केर काढताना खाटेखाली फळी लागली. पणती भरलेली, वर ज्योतीचे नुसते खिळे, आणि एका खिळ्याला अडकवलेला तिचा दोरा. तो खिळ्यावरून काढायचा तर तिनं घातलेला वेढा सुटणार. मी फळी परत आत सरकवली. असं चार-पाच वेळा.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही. दाराला काही लावायचं नाही, गोडधोड नाही. म्हणजे ही फळी आमच्या खोबणीत यंदा बसणार नव्हतीच. पण मेस्त्रीच्या दाराला बसेल, त्याचं काय अडलंय, असा विचार केला. दिवाळीच्या आत पूर्ण करून त्याला नेऊन द्यायची. आणि सांगायचं, घ्या, वाळूच्या हातानं केलीय.

सकाळी उजेडात ओट्यावर बसलो. नळी तिचीच. पहिला अर्धा तास तो वेढा सोडवायलाच हात होईना. मग घातला. भीती एकच, दोरा तुटेल. तुटला तर गाठ, आणि गाठ आली तर फळी टाकायची, आणि खालची पणती तिनं भरलेली. म्हणून मी ओढलाच नाही. हळूच न्यायचा, हळूच सोडायचा. आणि निसटू नये म्हणून प्रत्येक खिळ्याला दोन-दोन वेढे. चार दिवस असं केलं. दोरा एकदाही तुटला नाही.

संपला.

ज्योतीचं टोक राहिलं होतं, अकरा खिळे. हातात नळी, आणि नळीतून दोऱ्याचं शेवटचं टोक बाहेर पडलेलं. इतकी वर्षं जो दोरा उरायचा तो माझ्या हातात दोन हात कमी पडला. मी ओट्यावर बसून राहिलो. शेजारीण विचारून गेली, अण्णा, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, दोरा संपला. ती म्हणाली, दुकानात मिळतो की.

दुकानात नव्हतं जायचं मला. कॉफीपुडीचा डबा काढला. पिवळा, निळा, लाल, पांढरा, मोराचा जांभळा. सगळे वीत-दीड वीत. चार तुकडे एकमेकांना बांधले, मोल्डर बांधतो तशा गाठी, जाड. आणि टोक भरलं. खाली हिरवं सगळं, वर टोकाला गोधडी.

धनत्रयोदशीच्या सकाळी फळी तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि मेट्रोनं निघालो. तपासणीच्या मशीनमध्ये खिळे दिसले, तिथल्या बाईनं मला बाजूला घेतलं. "अज्जा, एनु इदु?" आजोबा, हे काय? मी लुगडं उघडून दाखवलं. "दीप." तिनं बघितलं, गाठींवर बोट ठेवलं आणि कन्नडात म्हणाली, मोमक्कळांनी केलाय का, म्हणजे नातवंडांनी? मी म्हटलं, हो. काय सांगायचं. मॅजेस्टिकला गाडी बदलली. पुढं तासभर फळी मांडीवर.

भाचीचं घर चौदाव्या मजल्यावर. दारात रांगोळी, गॅलरीत दिव्यांच्या माळा. मेस्त्री मागच्या खोलीत खिडकीशी बसला होता, उजव्या कानावर पेन्सिल.

"कोण?"

"वाळूचा हात."

त्यानं हात पुढं केले. मी फळी मांडीवर दिली. बोटं खालून फिरायला लागली. पणतीवर नख मारलं. टंग.

"ही अक्का."

मग वर. नख मारलं, काही वाजलं नाही. पुन्हा मारलं. बोटं टोकाकडं गेली आणि थांबली.

"गाठ."

बोट पुढं सरकलं.

"दोन. तीन. चार." मग विचारलं, "किती उरला?"

"उरला नाही. कमी पडला. तिच्या डब्यातले तुकडे जोडले."

"प्रत्येक खिळ्याला दोन वेढे घेतलेस."

"सुटेल म्हणून."

"आणि ढिले."

"तुटेल म्हणून!" माझा आवाज चढला. "तुम्हीच म्हणायचात ना अठरा वर्षं, याच्या हातात दोरा तुटतो?"

बराच वेळ तो त्या चार गाठींवरच बोट फिरवत होता. मग म्हणाला, "तुझ्या हातात मी दोरा दिलाच कुठं होता कधी? मला काय माहीत."

एवढंच. माफी वगैरे नाही, त्याच्याकडं तो शब्द असता तर चांगलं हा शब्दही असता.

भाची हुक घेऊन आली. "काका, किती छान. मामा, आपल्या दाराला लावू या, येणारे-जाणारे बघतील."

"नको," मेस्त्री म्हणाला. "माझं वर्ष आहे."

"मामा, आपल्याकडं कोण गेलंय?"

टेबलावर फराळाची ताटली होती, चकली, लाडू, त्याच्या पुढ्यात ठेवलेली. हात लावलेला नव्हता. भाची माझ्याकडं बघायला लागली.

मी सरळ विचारलं. "मेस्त्री, तुम्ही तिचे कोण?"

"भाडेकरू."

मग म्हणाला, "वर्ष कधी संपतं?"

"श्रावणात."

"मला सांग. इथं दिवस कळत नाहीत."

मी फळी परत लुगड्यात बांधली. टाकून दे म्हणाला नाही, हे मला मेट्रोत बसल्यावर लक्षात आलं. आता ती कपाटावर आहे, झाकून. टेप लावून बघितलं, खोबणीत बरोबर बसते.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी त्याचा फोन येतो. भाची लावून देते. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"किती उरलं?"

"सहा महिने."

"सरी." की फोन ठेवला.

मागच्या गुरुवारी मी म्हणालो, चार. तो सरी म्हणाला, पण फोन ठेवला नाही. त्याच्या बाजूला कुठंतरी लिफ्टची घंटा वाजली. मीही तसाच धरून उभा राहिलो, दुसऱ्या हातात डाव.

"जेवलास?" म्हणाला. हे त्यानं आजवर कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.

"आता बसतोय. भात-सार."

"कसं झालंय?"

मी डाव तोंडाला लावला. मीठ कमी होतं, चिंच जास्त, आणि खाली थोडं लागलंही होतं.

"सरी," मी म्हणालो.